लिपस्टिकखाली झाकलेला फोड

आमच्या लालबागच्या चाळीत ज्याला सख्खी बहीण नाही, त्याच्या बाळाची आत्या म्हणजे दर्शना. दादरच्या साडीच्या दुकानात दिवसभर घड्या घालून खांदे भरून आले तरी बारसं म्हटलं की ही हजर. पाळणा तिनेच म्हणायचा, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ तिनेच करायचं आणि पाठीत आम्हा बायकांचे धपाटेही तिनेच खायचे. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, “वेळ कुणाला आहे? भाचरं काय कमी आहेत?”

मग तिच्या सख्ख्या भावाला, राजेशला, मुलगी झाली. दर्शनाचे पाय जमिनीवर ठरेनात. बारशाच्या सकाळी मात्र तिच्या ओठाच्या कोपऱ्यात फोड आला होता. तो अधूनमधून यायचाच. “उष्णता झालीय गं,” म्हणत तिने तूप लावलं आणि फोटोत दिसायला नको म्हणून वर गडद लिपस्टिक फासली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिने ‘स्पृहा’ म्हटलं आणि राहवलं नाही म्हणून गालाचे पटापट मुके घेतले.

आठवडाभरात पोरगी दूध ओढेना. तापाने फणफणली, मग झटके आले. परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालावरचे बारीक फोड पाहून विचारलं, “घरात कुणाच्या ओठावर असं काही होतं का?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दर्शना म्हणाली, “माझ्या.”

बाईंनी शांतपणे समजावलं. हा हर्पिसचा विषाणू. मोठ्यांच्या अंगात तो नसांमध्ये दबा धरून बसतो, पण रक्तातल्या लढाऊ पेशी त्याला फारसं डोकं वर काढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या पेशी अजून कच्च्या. त्यात हा लबाड, शत्रू आल्याची खबर देणाऱ्या पेशींमध्येच शिरून त्यांना गप्प करतो. बाकीच्या जाग्या होईपर्यंत उशीर झालेला असतो. मला तर बाईंचा रागच आला. त्या बिचारीसमोर एवढं सविस्तर कशाला सांगायचं?

स्पृहा वाचली. शिरेतून औषध चालू होतं तोवर दर्शना वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिली, आत एकदाही गेली नाही. तिची वहिनी, नूपुर, तिला म्हणाली, “ताई, तुम्हाला कुठे माहीत होतं?”

“फोड आहे हे माहीत होतं ना,” दर्शना म्हणाली. “म्हणून तर झाकला.”



त्यानंतर चाळीत बारशी झाली, पण दर्शना एकालाही आली नाही. बोलावून बोलावून आमची तोंडं दुखली. मला तिचा राग येतो आणि तिच्यासाठी जीव तुटतोही.

स्पृहा आता धावते. परवा गॅलरीत दर्शनाच्या पायाशीच धडपडली आणि “आत्या, आत्या” करत हात वर करून रडायला लागली.

“अगं, घे ना तिला!” मी ओरडले.

दर्शनाच्या ओठावर काहीही नव्हतं. तरी ती घाईघाईने ओढणीने तोंड बांधायला लागली. गाठ बसेपर्यंत स्पृहा माझ्या कडेवर चढली होती.