सुभद्राबाईचे चार महिने

सुरतेतल्या लिंबायतच्या सुभद्राबाईला डॉक्टरशी एकदा कडाकडा भांडायचं होतं. नवरा जाऊन वर्ष उलटलं, तरी तिचा राग उतरत नव्हता. लेक योगिता समजावून थकली आणि शेवटी तिला दवाखान्यात घेऊन आली.

नवऱ्याच्या, बन्सीलालच्या, मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला, तेव्हा ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. पण गावाहून दीर आला, भाईदास. स्वतःची सर्दी बरी करता येईना, पण सल्ला द्यायला कायम पुढे! "वहिनी, सुरी लागनी का रोग चवताळस," तो म्हणाला. तिने ऐकलं, तारीख सोडली आणि नवऱ्याला पारोळ्याकडे गावी नेलं. झाडपाला झाला, उतारे झाले. चार महिन्यांनी पोट फुगलं तेव्हा परत सुरत आणि ऑपरेशन. त्यानंतर सहा महिन्यांत तो गेला.

"साहेब, तुमनी सुरी लागनी म्हनीसनच पसरनं ना?" तिने बसायच्या आधीच विचारलं.

डॉक्टर गुजराती, पण पेशंटांकडून मराठी शिकलेले. "मासी, ही भीती आम्हालापण होती. म्हणून काही सर्जन आधी रक्ताच्या नळ्या बांधतात, म्हणजे तो रक्तातून पसरू नये, मग कॅन्सरला हात लावतात."

साड्यांचं धागा कटिंग करणाऱ्या बाईला हे लगेच कळलं. आधी बांधायचं, मग कात्री.

"जपानमध्ये शेकडो लोकांवर दोन्ही रीती करून पाहिल्या. फार फरक दिसला नाही. आणि काकांच्या लिव्हरवर डाग ऑपरेशनच्या आधीच्या फोटोतच होते."

"आनि पहिला फोटोमा?"

डॉक्टरांनी फाईल चार महिने मागे चाळली. "त्यात नव्हते," ते हळूच म्हणाले. "पण बारीक असले तर दिसतही नाहीत, मासी. एका माणसाचं नक्की कोणी सांगू शकत नाही."

भांडण तिथेच संपलं. बाहेर बाकावर योगिता तिच्या रडण्याची वाट बघत बसली. सुभद्राबाईला मात्र गावचं अंगण दिसत होतं. तीस वर्षं बन्सीलालची कापडाच्या लूमवर बारा-बारा तासांची पाळी. तो आला की झोपायचा, ती पावलं न वाजवता फिरायची. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झालेला तो माणूस गावी हळू बोलायला लागला होता. तिला शेजारी बसवून घ्यायचा, भाकरी मोडून द्यायचा. एवढा नवरा तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"योगिता," ती म्हणाली, "देवनी इचारं तर मी त्याच चार महिना मांगसू वं. माले माफ करजो."