सुधीरने ओढलं होतं

सुधीर जायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला शेवटचं भेटलो. भोपाळच्या कोटऱ्यातल्या एका दवाखान्यात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली होती, आणि खिडकीतून दिसत होती फक्त समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. यकृत पार गेलं होतं, बोलताना धाप लागायची. त्याची बायको, मंजूवहिनी, औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा तो म्हणाला, "विज्या, एक विचारू? त्या दिवशी खदानीत... मी ओढलं होतं का रे? तू जवळ होतास." मी त्याची चादर नीट करत राहिलो. म्हणालो, "जुनं झालं ते सगळं. पड तू." तो हसला. "नसणारच ओढलं," म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. पुढे आमचं बोलणं झालं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, गेली कित्येक वर्षं ठाऊक होतं. ते आता लिहितोय. धीर आला म्हणून नाही, लपवून लपवून दमलो म्हणून.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. बरखेड्यात आमचे क्वार्टर समोरासमोर. तो नागपूरचा, ड्रॉइंग ऑफिसात, मी असेंब्लीत. एकदा सुट्टीत मालवणला गेला, पर्यटकांना नेतात तसा समुद्रात तळापर्यंत जाऊन आला, आणि परत आला तो वेडा होऊनच. भोपाळात समुद्र कुठला! पण त्याने एक उस्ताद शोधून काढले. आयुष्यभर बुडालेल्यांना पाण्याबाहेर काढण्याचं काम केलेले, आता चार हौशी लोकांना शहराबाहेरच्या एका पाण्याने भरलेल्या जुन्या खदानीत शिकवायचे. मलाही ओढून नेलं. "बुडायला कोणाला शिकावं लागतं का हो?" असं वहिनी दर रविवारी डबा भरून देताना विचारायच्या, आणि सुधीर दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचा की बुडणं सोपं आहे, बुडून परत यायला शिकावं लागतं.

त्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी. पाण्याखाली जाताना अंगात जो जाड रबरी सूट घालतात तो माणसाला वर ढकलतो, म्हणून खाली जायला अंगावर शिसं लागतं. आम्ही सगळे ते कमरेच्या पट्ट्यात ओवून घालायचो. संकट आलं तर पट्ट्याचं बक्कल उघडायचं. शिसं खाली जातं, माणूस वर येतो. पण सुधीरची अंगकाठी अशी की पट्टा कमरेवर ठरेचना. उस्ताद म्हणायचे, "सुधीर साहब, ऊपरवाले ने आपकी कमर बनाई ही नहीं." मग त्याने कुणाकडून तरी एक वापरलेलं जॅकेट मिळवलं. हवा भरली की तरंगवणारं जॅकेट तर सगळ्यांचंच असतं. याच्यात मात्र शिसं ठेवायला दोन्ही कुशींना खिसे होते, आणि प्रत्येक खिशाला एक मूठ. मूठ ओढली की अख्खा खिसा शिशासकट बाहेर येऊन पडायचा. पट्ट्याची कटकट संपली म्हणून सुधीर खूश. पण सगळं वजन त्या जॅकेटात, त्यामुळे ते पाठीवर चढवायला दोन माणसं लागायची. आणि खिसे जागेवर धरणारे खटके झिजलेले. डोकं खाली करून पोहायला लागला की खिसा हळूहळू सरकायचा. एकदा उजवा खिसा सुटून गाळात गेला आणि हा गृहस्थ एका कुशीवर, तिरका, सुसाट वर आला. आम्ही पोट धरून हसलो. उस्ताद हसले नाहीत. असं वर येण्याने फुप्फुसं फाटतात, म्हणाले. खिसा त्यांनी गाळातून काढून दिला, पण ताकीद दिली, खटके बदला, नाहीतर हे जॅकेट घालू नका. खटके काही भोपाळात मिळेनात. सुधीर मला म्हणाला, "असेंब्लीतला ना तू? कर की काहीतरी."

मी केलं. आमच्याकडे यंत्राचे बोल्ट थरथरीने ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यातून बारीक तार ओवून पिळतात. आयुष्यभर मी तेच केलं होतं. जे सुटू शकतं ते सुटणार नाही असं बांधायचं. खिशांवरच्या झाकणपट्टीच्या आत, दिसणार नाही अशी, दोन्ही मुठींमधून मी तार घेतली. ओढून पाहिलं. हललंसुद्धा नाही. फार समाधान वाटलं मला... ते समाधान अजून आठवतं. सुधीरने विचारलं काय केलंस. मी म्हणालो, तुला काय करायचंय, आता सुटत नाही एवढं समज.

पुढच्या रविवारी पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासायचं ते आम्ही दोघांनीच तपासलं. उस्तादांनी विचारलं, "चेक हुआ?" मी हो म्हणालो. तळाशी सगळं ठीक होतं. वर आलो, सिलिंडरमधली हवा संपत आलेली, आणि सुधीरचं जॅकेट फुगेना. खांद्यापाशी कुठेतरी फाटून हवा निघून जात होती. काठ लांब नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात कुशींवर नेले, मुठी धरल्या, ओढल्या. परत ओढल्या. मान पाण्याखाली जाईपर्यंत तो ओढत होता. मी पाहिलं ते. मग त्याने हातपाय झाडायला सुरुवात केली. मी त्याला धरलं, पण धरून ठेवता येईना. उस्ताद पोहत आले, त्यांचा हात सवयीने त्याच्या कमरेकडे गेला, तिथे पट्टा नव्हता. शेवटी गळपट्टीला धरून त्यांनी त्याला तसाच काठाला खेचला.

तो वाचला. खोकून खोकून पाणी काढत होता, उस्ताद त्याच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि मी बाजूला काढून ठेवलेल्या जॅकेटपाशी बसून माझ्या पिशवीतल्या पक्कडीने दोन्ही तारा कापल्या. विचार करून नाही. हात चालले. थोड्या वेळाने उस्तादांनी येऊन मूठ ओढली. खिसा अलगद हातात आला. ते सुधीरला म्हणाले, "खुल तो रहा है, साहब. खींचा क्यों नहीं?" सुधीर म्हणाला, "खींचा था." उस्ताद प्रेमाने म्हणाले, "ऐसा ही लगता है. पानी में सबको ऐसा ही लगता है." त्या क्षणी बोललो असतो तर ती नुसती चूक राहिली असती. संध्याकाळपर्यंत ती लबाडी झाली. त्यानंतर तिला नावही उरलं नाही, ती माझ्या घरात राहायला आली.

घाबरणाऱ्याला उस्ताद पाण्यात नेत नसत, सुधीरचं जाणं बंद झालं. त्याने वाद घातला नाही. सुरुवातीला तो म्हणायचा, मला पक्कं आठवतंय. मग म्हणायला लागला, वाटतं तरी तसं. मग ते म्हणणंही थांबलं. मी खदानीत जाणं सोडलं. त्याला वाटलं त्याच्यासाठी सोडलं, आणि त्याबद्दल तो माझे उपकार मानत राहिला. शोकसभेत एका सहकाऱ्याने खदानीची गोष्ट सांगितली, चांगल्या मनाने, माणूस किती हौशी होता हे दाखवायला. "मूठ ओढायचंच विसरला बिचारा!" लोक हसले. मीही खाली मान घालून हसल्यासारखं केलं.

वहिनींना मी गेल्या रविवारी सांगितलं. त्या मटार सोलत होत्या, सोलत राहिल्या. शेंगा संपल्यावर विचारलं, "छापणार आहात?"

"तुम्ही हो म्हणालात तर."

"छापा, भाऊजी. नावासकट छापा. पण माफी मागू नका माझ्याकडे. ती माझ्याकडे नाहीच."

त्यांना बहिणीकडे जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबरच निघालो. त्यांनी दाराला कुलूप लावलं, अर्धा जिना उतरल्या आणि थांबल्या. मला वाटलं काही विसरलं. म्हणाल्या, "इथे थांबून ते विचारायचे, कुलूप लावलं ना मी? मी हो म्हणायचे. तरी वर जाऊन ओढून बघायचे. गॅसचंही तेच. कधी कधी खाली फाटकापासून परत यायचे. मी चिडायचे, म्हातारे झालात म्हणायचे." मग कठड्यावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खदानीच्या आधी नव्हतं हो असं त्यांचं."

मी वर पाहिलं. "लावलंय कुलूप," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या, आणि तरी त्या पायरीवर थोडा वेळ थांबल्या.