हॉलला मॅडमचं नाव, पोरी मात्र बाहेर

रजिया मॅडम जिवंत होत्या तेव्हा ज्यांनी त्यांना शाळेबाहेर काढलं, त्यांनीच आज त्यांच्या फोटोला हार घातला.

मी तिथंच होते. शेवटच्या रांगेत. डोकं नुसतं तापलं होतं.

आज मॅडमना जाऊन एक वर्ष झालं.

बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात मुलींची एक जुनी शाळा आहे. दगडी जोतं, वर कौलं, समोर लांब व्हरांडा. माझी आई तिथं चौथीपर्यंत शिकली, मी सातवीपर्यंत.

मॅडम तिथंच शिकल्या आणि पुढे तिथंच गणित शिकवायला आल्या.

गणित चुकलं तर ओरडायच्या नाहीत.
"पुन्हा कर. घाई कायची हाय तुले?"

मग रोडवर नवी बिल्डिंग झाली आणि शाळा तिकडे गेली. जुनी पाडायचं ठरलं. मॅडम तेव्हा रिटायर झाल्या होत्या, तरी ग्रामसभेत उभ्या राहिल्या.

"भिंती मजबूत हायेत. पाडता काऊन? पोरीले अभ्यासाले जागा द्या."

दिली. आम्ही बायकांनीच झाडून-पुसून दोन खोल्या साफ केल्या. घरी टीव्ही, पाहुणे, चूल. इथं शांतता. पोरी संध्याकाळी येऊन बसायच्या. एक नर्सिंगला लागली, एक पोलीस भरतीत निघाली.

गावाला अभिमान वाटायला पाहिजे होता ना?

गावाला हॉल पाहिजे होता. लग्नाचा.

मधली भिंत पाडली. सिमेंटचा काळा फळा त्याच भिंतीवर होता. मॅडम त्या मलब्यापाशी उभ्या राहिल्या.

"अरे, मले इचारलं तरी असतं."

"पोरी व्हरांड्यात बसतीन ना, मॅडम," सरपंच म्हणाले. हसत.

पोरी खरंच व्हरांड्यात बसल्या. मॅडम त्यांच्यासोबत. आत पंगत, बाहेर बीजगणित.

एका हळदीची गोष्ट तर डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर आणि आत फुल डीजे. मॅडम आत जाऊन नवरीच्या काकाला म्हणाल्या, "जरा आवाज कमी करा, भाऊ. पोरीचा उद्या पेपर हाय."

"आमी भाडं भरलं, मॅडम. फुकट नाही आलो."

नवरी पूजा याच अभ्यासिकेतली पोरगी. हळदीनं माखलेली तशीच पाटावरून उठली.

"काका, बंद करा तो डीजे! नाही तर मी बी बाहेर जाऊन बसतो."

डीजे बंद झाला. पूजाला आतल्या खोलीत नेलं आणि थोड्या वेळात पुन्हा सुरू झाला.

मॅडमनी पोरींची दप्तरं उचलली.
"चला बेटा, माह्या घरी."

त्या दिवसापासून पोरी मॅडमच्या घरी बसायला लागल्या. सलीमकाका, म्हणजे मॅडमचे मिस्टर, टेलर. त्यांनी आपली शिलाई मशीन स्वयंपाकघरात सरकवली, म्हणून पोरींना बाहेरची खोली मिळाली.

मॅडम पंचायतीत अर्ज देत राहिल्या. हॉल नको, फक्त एक खोली. मागची, जिथं आता खुर्च्या रचून ठेवतात ती.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेता नेता वाटेतच गेल्या.

आणि आज? आज हॉलला त्यांचं नाव दिलं! सोनेरी अक्षरं. भाषणं. "थोर शिक्षणप्रेमी" काय, "आदर्श" काय. मी एकदाही टाळी वाजवली नाही.

सलीमकाकांना स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. काकांनी माईक मागितला.

"नाव दिलं, मेहेरबानी. पण ते मांगत होती खोली. ते देता का?"



सरपंच म्हणाले, "पाहू ना काका. मीटिंगमध्ये घेऊ."

काकांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि स्टेजवरून उतरले. बाहेर उद्याच्या लग्नाच्या मांडवाचं सामान उतरून राह्यलं होतं.

मी त्यांना घरी सोडायला गेले. दारात चार-पाच पोरी दप्तरं घेऊन उभ्या होत्या. काकांनी डोळे पुसले, कुलूप काढलं.

"बसा बेटा. लाईट लावतो."

मॅडम, तुमची खोली आम्ही मागत राहू. पण तुम्ही असताना मिळायला पाहिजे होती, याचा राग जात नाही.

तुमच्या सगळ्या पोरींकडून, भरल्या डोळ्यांनी श्रद्धांजली.