मोहाखालची जीप

जीपखालून बाहेर आलेले दोन पाय — टाचांना भेगा, बोटांत चांदीची जोडवी आणि जोडव्यांच्या खाचांत साचलेलं काळं ऑइल... बालपण म्हटलं की सर्वांत आधी मला आईचे हे पाय दिसतात. बाकीची आई गाडीखाली असायची. कडुनिंबाच्या सावलीत बाबा बाजेवर पडलेले असायचे. गाडीखालून आई विचारायची, "हा नट उलटा फिरते काय?" आणि बाबा डाव्या हाताचं पेर बाजेच्या लाकडावर वाजवायचे. एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही. तापलेला पत्रा, ग्रीस, पेट्रोल आणि कडुनिंबाचा मोहोर यांचा मिळून एक वास अंगणात भरून राहायचा. तो मी आजही डोळे मिटून ओळखीन.

आमचं गाव गिरडच्या टेकडीच्या मागच्या अंगाला. काळी, चिकट जमीन. पावसाळ्यात पाय टाकला तर चप्पल तिथेच राहायची आणि पाय तेवढा वर यायचा. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला होता, आणि त्या नाल्याला पूल नव्हता. मृगापासून दसऱ्यापर्यंत तो ओलांडणारी गाडी एकच — बाबांची जीप. फौजेनं वापरून लिलावात काढलेली ती जुनी जीप बाबांनी कुठूनशी आणली होती. तिच्या हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा रंग होता, त्याच्याखाली आणखी एक. गावातल्या बाळंतिणी, साप चावलेली माणसं, दहावीची परीक्षा द्यायला निघालेल्या मुली, सगळे त्या जीपमधून नाल्यापार झाले. चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर बाबा असा हळुवार ओढत, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताहेत.

मी चौथीत असताना वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत उभे असलेले बाबा एकाएकी खाली बसले. लोकांनी उचलून आणलं तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं होतं, आणि अंगाबरोबर वाचाही. वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यातून ते परत आले ते आमचेच, आणि तरी कुणी दुसरेच. आम्ही काय बोलतो ते त्यांना सगळं कळायचं. ओठांपर्यंत शब्द यायचा आणि तिथेच अडून राहायचा. त्या अडलेल्या शब्दानं त्यांच्या डोळ्यांत जे पाणी यायचं, ते पाहवत नसे.

दर पंधरवड्याला त्यांना व्यायामासाठी सावंगीला न्यावं लागणार होतं. जीप अंगणात, आणि चालवणारा बाजेवर. तेव्हा माझ्या आईनं, जिनं तोवर त्या गाडीला पोळ्याच्या दिवशी कुंकू लावण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता, एके सकाळी पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. पऱ्हाटी उपटलेल्या रिकाम्या वावरात ती गाडी शिकली. बाबांची बाज बांधावर, धुऱ्यावर ठेवलेली असायची. गाडी गचका खाऊन बंद पडली की आई त्यांच्याकडे पाहायची, बाबा डावा हात हवेत हळूच सोडून दाखवायचे... क्लच असा सोड, असा. जाम गावात महामार्गालगत सत्तारचाचांचं टिनाचं गॅरेज होतं. बाबांचे ते जुने दोस्त. त्यांनी दुरुस्तीचे पहिले धडे दिले. "भाभी, गाडीले डरायचं नाई," ते म्हणायचे, "वो बोलती है. सिर्फ सुननेका."

गावात लोक काय काय बोलायचे. शाळेत पोरी मला विचारायच्या, "तुही माय गाडीखाली झोपते म्हने?" मी मान खाली घालायची. हे लिहिताना आजही जड जातं, पण खरं आहे — मला आईची लाज वाटायची. पाहुणे येणार असले की मी तिच्या जोडव्यांमधलं ऑइल राखेनं घासून काढायची.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी, सावंगीहून परतताना, नाल्याच्या मधोमध जीपच्या पोटात खाडकन आवाज झाला. इंजिन गर्जत होतं, पण चाकं हलेनात. पाणी पायदानापर्यंत आलं होतं. तोल जाऊ नये म्हणून बाबा पुढच्या सीटवर दोरानं बांधलेले. पाण्याकडे एकटक पाहत होते. आईनं मला उडी मारायला लावली, गावातून बैलजोडी आणायला पिटाळलं. मी बैलांसह परतले तेव्हा पाणी चढलं होतं, आई कमरेइतक्या पाण्यात बाबांच्या बाजूला उभी होती, त्यांना दोन्ही हातांनी धरून. बैलांनी गाडी ओढली, आम्ही घरी आलो. त्या दिवशी आई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सत्तारचाचा आले. त्यांनी खालचं झाकण उघडलं. काळ्या ऑइलबरोबर लोखंडाचे दात घमेल्यात पडले. छोट्या गिअरचा जो दुसरा गिअरबॉक्स असतो, त्याच्या मधलं दातेरी चाक — ते त्याला गरारी म्हणायचे — फुटलं होतं. इंजिनाचा सगळा जोर त्याच एका चाकातून पुढे जायचा. चाचांनी ते हातात फिरवून पाहिलं, आणि बाबांकडे न पाहता म्हणाले, "अब ये नाई मिलता भाभी. बनतंच नाई आता."

आईनं ती फुटकी गरारी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि पिशवीत घातली. पुढचे दोन महिने ती पिशवी घेऊन आम्ही दोघी हिंडलो. हिंगणघाट, वर्धा, नागपूरचा भंगारबाजार... गंजलेल्या चेसिसांच्या गल्ल्या, ट्रकांच्या उघड्या फासळ्या, जुन्या ऑइलनं काळीभोर झालेली माती. आई प्रत्येक दुकानापुढे उभी राहायची, लुगड्याची गाठ सोडायची. काही जण हसायचे. काही जण गरारीकडे न पाहता आईकडे पाहायचे. एक म्हातारा दुकानदार मात्र ती हातात घेऊन कितीतरी वेळ बसला. म्हणाला, "बाई, हे बाजारात नाई भेटत. कोनाच्या वावरात मेलेली जीप पाह्य." आई गाठ बांधायची आणि पुढे निघायची. तिकडे सावंगीच्या फेऱ्या चुकत होत्या. दर वेळी भाड्याची गाडी करायला पैसे नव्हते, बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत जायचं तर बाबांना गचके सोसत नव्हते, आणि त्यांचा उजवा हात हळूहळू छातीशी आखडत चालला होता.

मग एके दिवशी चाचांचा निरोप आला. तेंदूपत्त्याच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरनं जंगलाला लागून असलेल्या टोल्यावर — छोट्याशा वस्तीवर — एका मोहाच्या झाडाखाली, तशीच जीप उभी पाहिली होती.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा दुपार कलत होती. सारवलेली भिंत, कुडाचं कुंपण, आणि मोहाखाली ती... चाकं अर्धी मातीत रुतलेली, बॉनेटवर वाळलेली पानं. आतून कोंबड्यांचा आवाज येत होता. घराची मालकीण सुगंधाबाई, पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची गोंड बाई, दारात उभी होती. शेजारी तिची सून. दोघी आपसांत त्यांच्या भाषेत काही बोलल्या, मग सुगंधाबाई आमच्याशी बोलली.

"भंगारवाले आलते दोनदा. मी हाकलून देल्लं त्याहीले. गाडी माह्या पोराची हाये. पोरगा तापानं गेला. गाडी हाये थ्या जागीच राहीन."

"मी गाडी न्याले नाई आली, बाई," आईनं गाठ सोडली. "आतलं हे एक चाक पायजे. आमचं फुटलं."

सुगंधाबाईनं गरारी हातात घेतली. फुटक्या दातांवरून अंगठा फिरवला.

"हे काढलं तं मंग माही गाडी चालन काय कधी?"

ती गाडी कितीतरी वर्षं उभी होती. टायर कुजले होते. आईला 'चालेल' म्हणता आलं असतं. मी तिच्याकडे पाहत होते. तिनं मान वर केली.

"नाई चालनार."

मोहाचं एक पान गरगरत खाली आलं.

"मालक कोठी हाये तुहा?"

"घरी. अर्धं आंग गेलं त्याइचं. बोलता येत नाई."

सुगंधाबाई घरात गेली. मला वाटलं, आता दार लागेल. ती बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. आईच्या हातात तो देऊन म्हणाली, "काढ. पन तूच काढजो. दुसऱ्याचा हात लागू देजो नोको. अन् तुही गाडी चालू झाली का एकडाव आनजो इथी. मले आवाज आयकाचा हाये."

आई मोहाच्या पानांवर आडवी झाली. गंजलेले नट सुटायला दोन तास लागले. वरती, ड्रायव्हरच्या सीटवर, एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. खाली हातोड्याचे घाव बसत होते, तरी ती उठली नाही. शेवटी ऑइल आलं — जाड, काकवीसारखं — आणि त्यामागून ती गरारी आईच्या छातीवर उतरली. एकही दात फुटलेला नव्हता. सुगंधाबाईनं आपल्या पदरानं ती पुसली, मगच आमच्या पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर ती बसवण्याआधी एक नाजूक काम होतं. गरारीच्या पोटात सुयांसारखी बारीक लोखंडी कांडं, एकाला एक खेटून, ग्रीसमध्ये चिकटवून उभी करायची असतात. एक निसटलं की सगळी कोसळतात. सत्तारचाचांनी बाही सावरली आणि ताटात ठेवलेल्या त्या सुयांकडे हात नेला. तेवढ्यात बाजेवर पेर वाजलं — दोनदा. पुन्हा दोनदा. बाबा ताटाकडे पाहत होते.

आईनं त्यांना उशांना टेकून बसवलं, गरारी त्यांच्या मांडीवर ठेवली. डावा हात, तोही थरथरणारा. पहिली सुई लागली, दुसरी लागली. अर्धा गोल भरला आणि सगळ्या कोसळल्या. चाचा पुढे झाले, आईनं नुसत्या नजरेनं त्यांना थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून. सावली बाजेवरून सरकत भिंतीला लागली. बाबांच्या कपाळावरचा घाम आई पदरानं टिपत होती, सुयांना मात्र तिनं हात लावला नाही. दुसऱ्यांदा कोसळल्या तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी बोट पुन्हा ग्रीसमध्ये बुडवलं. ऊन उतरता उतरता शेवटची सुई तिच्या फटीत बसली, आणि बाबांच्या तोंडून, कितीतरी महिन्यांनी, एक अस्पष्ट शब्द बाहेर पडला. मी ऐकलं ते "बसली". आईचं नाव बेबी. ती म्हणते, त्यांनी तिला हाक मारली. आमच्याकडे त्या पिढीतला नवरा बायकोचं नाव घेत नसे... त्यामुळे असेल, पण या बाबतीत तिनं कधी माघार घेतली नाही.

चार दिवसांनी आम्ही टोल्यावर गेलो. आई गाडी चालवत, बाबा शेजारी, मी मागे. सुगंधाबाई कुंपणाबाहेर येऊन उभी होती. आईनं किल्लीकडे हात नेला तशी ती म्हणाली, "बंद नोको करू." ती बाबांच्या बाजूनं जवळ आली, काचेपाशी बॉनेटवर तळवा टेकवला. इंजिनाच्या थरथरीनं तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणत राहिल्या.

"असाच आवाज यायचा," ती म्हणाली. "लांबूनच यायचा. मंग मी चुलीवर भात टाकाची."

तिची सून दारातून आत निघून गेली. बाबांनी डावा हात काचेच्या कडेनं बाहेर काढला आणि सुगंधाबाईच्या हाताशेजारी ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं हात उचलला, "जा आता," म्हणाली, आणि आम्ही निघालो.

पुढच्या सातही पावसाळ्यांत त्या गरारीनं दगा दिला नाही. बाबांचा हात थोडा सुटला, काठी धरून ते अंगणात फिरू लागले, दहा-बारा शब्द परत आले. मग एका भाद्रपदात पहाटे त्यांना पुन्हा झटका आला. नाला भरून वाहत होता. आईनं छोटा गिअर टाकला, पाणी कापत गाडी पार नेली. जाम आलं, वर्धा आलं, सावंगी आलं. गाडी कुठेही अडली नाही, आईचा हात कुठेही चुकला नाही. डॉक्टरांनीही करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

दवाखान्याच्या दारात लोक म्हणाले, वेगळी गाडी करू. आई म्हणाली, "त्याइची गाडी हाये नं." तिनंच त्यांना घरी आणलं. मी मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. साठ-सत्तर किलोमीटरच्या त्या वाटेवर एकही गचका बसला नाही. प्रत्येक खड्ड्याआधी गाडी हळू व्हायची, खड्ड्यात अलगद उतरायची, अलगद वर यायची... त्या दिवशी मला आईची लाज वाटल्याचे सगळे दिवस एकेक करून आठवत होते.

आता मी सावंगीलाच राहते, नोकरी करते. आई गावीच आहे; बाबांनंतरही ती गावातल्या अडल्यानडल्यांना जीपमधून नाल्यापार नेत राहिली. दोन वर्षांपूर्वी नाल्यावर पूल झाला, गावापर्यंत सिमेंटचा रस्ता आला. मी सुटीत गेले होते. शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तिच्या नवऱ्यानं फोन केला आणि थोड्या वेळात रुग्णवाहिका थेट तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. आई ओट्यावरून पाहत होती. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, "बरं झालं. आता हिचं काम नाई रायलं."

त्याच दुपारी तिनं जीपचं ऑइल काढलं. रेडिएटरचं पाणी सोडलं. ते लाल पाणी अंगणातून वाहत वाफ्याकडे गेलं. बॅटरीच्या तारा सोडल्या, एकेक चाक उचलून खाली विटा लावल्या. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "तू फक्त जॅक धर." मी जॅक धरला. रडत होते मी, ती नव्हती. शेवटच्या चाकाखाली वीट सरकवून तिनं पत्र्यावर दोन थापा मारल्या, जशा कामावरून आलेल्या बैलाच्या पाठीवर मारतात, आणि घासलेट घेऊन वाफ्याच्या पाटापाशी हात धूत बसली. बराच वेळ धूत होती.

मग पदराला हात पुसत उठली. "चाल," म्हणाली, "भाकर टाकतो."