हद्द जिथून गेली नाही

नकाशाखात्यात तिला सगळे रेघताई म्हणायचे. एकविसाव्या वर्षी ती तिथे लागली तेव्हा नकाशे हाताने काढायचे, आणि तिची रेघ इतकी सरळ यायची की जुनी माणसं मुद्दाम उठून तिच्या खांद्यावरून डोकावून जात. पुढे कॉम्प्युटर आले, शाईच्या बाटल्या वाळून गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती छप्पन्न वर्षांची होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना साहेबांनी तिच्या गळ्यात एक काम मारलं: तळघरातल्या पत्र्याच्या नळकांड्यांमधले जुने नकाशे काढायचे, पुसायचे, तपासायचे आणि स्कॅनिंगला पाठवायचे. बाकीच्यांना तिची कीव आली. तिला मात्र आयतंच घबाड मिळाल्यासारखं झालं.

तिसऱ्या आठवड्यात शीट नंबर चौदा दोनदा निघाली.

चौदा नंबरचा तुकडा तिला डोळे मिटून काढता आला असता, कारण तो तिच्याच गावाचा होता. गाव नदीकाठी. पुलाच्या अलीकडे आपला देश, पलीकडे त्यांचा. गावाच्या पाठीशी डोंगराची लांब धार, आणि धारेत एक खिंड, जिच्यातून रस्ता बंदराकडे उतरतो. पहिल्या शीटवर हद्द नदीच्या मधोमध होती, लहानपणापासून पाहत आली तशी. दुसरीवर मोजणीदाराची तीच सही, तोच महिना, पण हद्दीची रेघ गावाच्या मागून, डोंगराच्या धारेवरून गेलेली. म्हणजे बाजार, शाळा, नकाशाखात्याची ही इमारत आणि खुद्द रेघताई, सगळं त्यांच्या देशात.

दुसऱ्या शीटला टाचणीने एक कागद लावलेला होता. टाचणी गंजून कागदातच विरघळल्यासारखी झाली होती. पंचाहत्तर वर्षांपूर्वी दोन्ही देशांनी एकेक अधिकारी नेमला होता. ठरलेल्या तारखेपर्यंत दोघांनी या गावात भेटायचं, डोंगर चढून पाहायचं आणि दोनांपैकी एक नकाशा पक्का करायचा. भेट झालीच नाही, तर नदी हीच हद्द. पूल तेव्हा झालेला नव्हता. खाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं: ‘पूर. होडी नाही. ते आले नाहीत.’

घरी आल्या आल्या तिने धाकट्या बहिणीला हे सांगितलं. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. धाकटी शाळेत इतिहास शिकवायची.

“यात नवीन काय?” धाकटी वह्या तपासताना मान वर न करता म्हणाली. “‘ते आलेच नाहीत.’ तीस वर्षं शिकवतेय मी. रिकाम्या जागा भरा, एक मार्क.”

“पण आले असते तर?”

“तर दोन मार्क.”

रेघताईला काही चैन पडेना. तिने एक जाड वही घेतली आणि स्वतःला एक नियम घालून घेतला: बदलायची ती एकच गोष्ट. त्या दिवशी होडी पलीकडून अलीकडे आली, बस्स. त्यापुढचं सगळं वर्षावर्षाने, पुरावा बघत. मनात आलं म्हणून कुणाला राजा करायचं नाही.

मग ती गुंतत गेली. त्यांच्या देशाला समुद्र नाही. खिंडीचं तोंड त्यांच्या हातात असतं, तर करार करून त्यांनी बंदरापर्यंत रेल्वे आणली असती, कारण तिचे कच्चे आराखडेही तळघरातच सापडले. रेल्वे इथून गेली असती तर त्यांनी आपली राजधानी दूर उत्तरेला हलवली नसती. आणि आपला देश? रोज रेल्वेच्या निमित्ताने शेजाऱ्याशी बोलावं लागलं असतं, तर मध्ये दहा वर्षं लष्कराने राज्य केलं, ते केलं असतं का? ‘शेजारी घुसतील’ असं सांगूनच तर लष्कर सत्तेवर आलं होतं. गावाचं तर जंक्शन झालं असतं. धाकटीच्या शाळेच्या जागी तिने इंजिनांचा कारखाना धरला आणि शाळा वरच्या आळीत हलवली.

“विचारायचंस तरी,” धाकटी म्हणाली. “रोज तो चढ चढायचा म्हणजे माझ्या गुडघ्यांचं काय?”

पण एका पानावर रेघताई बरेच दिवस अडली होती. ती नऊ वर्षांची असताना पुलासाठी तीन आठवडे लढाई झाली होती. घरोघरी खिडक्यांना काळे कागद लागले होते. दुसऱ्या आठवड्यात गल्लीतला पाववाला गेला. शाळेतून येताना तुटकी बिस्किटं मुठीत कोंबणारा, मोठ्याने शिंकणारा माणूस. हद्द डोंगरावर असती तर पुलाला हद्दीचा पूल कोण म्हणणार होतं? मग लढाई कशासाठी? वहीत तिने त्या वर्षाखाली लिहिलं, ‘पाववाला: दुकान चालू.’ पुढच्या वर्षाखालीही तेच. त्याच्या पुढच्याही. धाकटीने एकदा ते पान पाहिलं आणि त्या दिवशी काही थट्टा केली नाही.

जर-तरचा सगळा डोलारा एका होडीवर उभा होता, आणि ती होडी सुटायची ती जागा रेघताईने पाहिलेलीच नव्हती. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी एक दिवसाचा परवाना काढून ती पूल ओलांडून गेली. आयुष्यात तिसऱ्यांदा. पलीकडचा जुना धक्का सापडला, पण पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या पुराबद्दल कुणाला काही सांगता येईना. चहाच्या दुकानातल्या माणसाने शेवटी समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाकडे बोट दाखवलं. “घड्याळजींना विचारा. जुनं खरवडायचं वेड आहे त्यांना.”

घड्याळजी सत्तरीचे, बारीक, डोळ्याला भिंग लावलेले. रेघताईने शीटची ट्रेसिंग काउंटरवर उलगडली, तसं त्यांनी भिंग काढून ठेवलं.

“हे तुमच्याकडे होतं?”

“तळघरात. आमच्यात शिकवतात, ‘ते आलेच नाहीत.’”

“आमच्यात शिकवतात, ‘ते थांबलेच नाहीत.’” घड्याळजी म्हणाले. “तुमच्या लोकांनी तारीख उलटल्याबरोबर घाईघाईने शिक्का मारला. लबाड शेजारी. पाचवीच्या पुस्तकात आहे.”

दोघं एकदमच हसली.

दुपारभर दोघांचं जुंपलं. रेल्वेचं घड्याळजींना पटलं. लढाईचं पटलं नाही. “डोंगरावर झरे आहेत, बाई. पुलाऐवजी त्या पाण्यासाठी भांडले असते.”

“बाराही झरे गावाकडच्या उतारावर आहेत, काका, म्हणजे तेव्हा तुमच्याच हद्दीत आले असते. मी स्वतः त्यांची उंची काढलीय. भांडायला आमच्याकडे निमित्तच नसतं.”

“निमित्ताला काय तोटा?”

“मग पुरावा द्या.”

तो त्यांच्याकडे नव्हता. पण रेघताई निघायला उठली आणि पुन्हा पुराबद्दल बोलली, तेव्हा घड्याळजींचा चेहरा पालटला. ते आत गेले, बऱ्याच वेळाने एक काचेची चौकट घेऊन आले आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

“ताई, पूर चौथ्याच दिवशी ओसरला होता. होड्या चालू होत्या.”

“मग तुमचे साहेब आले का नाहीत?”

“त्यांची दाढ सुजली होती.”

रेघताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“आमच्याच घरी उतरले होते. गाल हा एवढा. अकरा दिवस नुसत्या पेजेवर. तोंड उघडता येईना, म्हणून त्यांनी ही चिठ्ठी लिहून आजीच्या हातात दिली आणि नदीकडे बोट केलं. आजीला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, औषधाची चिठ्ठी. नदीकडच्या गल्लीत वैद्य राहायचा, त्याच्याकडे पाठवली. वैद्य बाहेरगावी. चिठ्ठी त्याच्या फळीवर पडून राहिली. तो परत आला तेव्हा तारीख उलटून तीन दिवस झाले होते.”

काचेआड पिवळा कागद होता. पुसटलेली दोनच वाक्यं: ‘आजारी आहे. कृपया पाच दिवस थांबावे.’

“आजी मरेपर्यंत रडायची,” घड्याळजी म्हणाले. “घरात सक्त ताकीद, बाहेर ब्र काढायचा नाही. अख्ख्या देशाची हद्द आमच्या चुलीपाशी अडली, हे कुणाला सांगायचं?”

रेघताई पूल ओलांडून परत आली ती तरंगतच. चार महिन्यांची वही एका फटक्यात कोसळली होती. होडी आली असती तरी त्या होडीत त्यांचे साहेब नसतेच! याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात नवेच प्रश्न भुणभुणत होते. वैद्य घरी असता तर? चिठ्ठी पोचली असती, तर आपले लोक थांबले असते का? रात्री जेवताना तिने धाकटीला सगळं सांगितलं, आणि घड्याळजींच्या परवानगीशिवाय कुठे बोलायचं नाही अशी शपथही घातली.

धाकटीचा घास हातातच राहिला. “म्हणजे तीस वर्षं मी... ताई, ते आले नाहीत हे खरंच आहे गं. पण ‘आलेच नाहीत’ मधला तो ‘च’. तो आपण घातला.”

नंतरची पत्रापत्री धाकटीनेच केली. घड्याळजी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी उलट विचारलं, की मुलं हसणार तर नाहीत ना. धाकटीने प्रामाणिकपणे लिहिलं, “दाढेला हसतील. आजीला नाही.”

तोवर रेघताईची साहेबांशी जुंपली होती. दुसरी शीट स्कॅन करायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

“अहो, नसलेल्या हद्दीचा नकाशा ठेवून काय करायचं?”

“हद्द नाही, साहेब. नकाशा आहे ना?” ती म्हणाली. “कुणीतरी उन्हातान्हात डोंगर मोजलाय. ते झालेलं आहे.”

साहेबांनी आठवडाभर फाइल दाबून ठेवली आणि मग कंटाळून सही केली. शीट ‘चौदा-अ’ म्हणून नोंदवली गेली.

घड्याळजी इस्त्रीचा कोट घालून वर्गात आले. फळ्यावर दोन्ही नकाशे लावलेले. त्यांनी सगळं सांगितलं. सुजलेल्या गालाला वर्ग खदाखदा हसला, आणि वैद्याच्या फळीपाशी आल्यावर चिडीचूप झाला. मग दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

“आजोबा, तुमच्या आजीला वाचायला का नाही शिकवलं?”

घड्याळजी गडबडले. “तेव्हा आमच्याकडे मुलींची शाळा नव्हती, बाळ.”

“आणि आमच्याकडे?”

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने रेघताईकडे.

“एक होती,” रेघताई मागच्या बाकावरून म्हणाली. “मिशनरी बाईंची, मुलामुलींची एकत्र. नकाशात आहे. पण नदी ओलांडून यावं लागलं असतं.”

“मग ती लहान असताना नदी हद्द होती का?”

“नव्हती. तेव्हा हद्दच नव्हती.”

“मग ती का नाही आली?”

घड्याळजींनी खिशातून कागद काढून प्रश्न टिपून घेतला. घंटा झाली तरी ती मुलगी उभीच होती.

घड्याळजींनी घरी जाऊन आपल्या नव्वदीच्या आत्याला विचारलं. आठवड्याने पत्र आलं: आजीच्या मोठ्या भावाला त्या शाळेत घातलं होतं, पण मुलींना होडीत बसवायचं नाही असा तिच्या बापाचा हट्ट, कारण होडी एकदा उलटली होती. कोणत्या साली, ते आत्याला आठवत नव्हतं. रेघताईने नवी वही घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तळघरात उतरून होड्यांच्या नोंदी शोधायला लागली. लढाईबद्दल मात्र ती आणि घड्याळजी अजून भांडतात. दर पंधरवड्याला पुलावरून एक जाड पाकीट जातं, एक येतं, आणि प्रत्येकात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तुमचा मुद्दा मला मुळीच पटलेला नाही.’