जिभेखालची गोळी

ये गं, अशी जवळ ये. कागदावरून बोलतेय म्हणून काय झालं, लांब बसून ऐकायचं नाही. काल खकनारहून फोनवर काय म्हणालीस? "काकू, मी प्रेशरच्या गोळ्या बंद केल्यात. तुमच्या वेळी त्या गोळीनंच घात होणार होता ना!" अगं वेडाबाई, अर्धी गोष्ट ऐकून गोळ्या सोडायच्या? तुझी आई असती तर तिनं कान पिळला असता. ती नाही, म्हणून मी सांगते. पूर्ण ऐक.

अखजी होती. लेकी माहेरी यायचा सण, पण त्या वर्षी तू आली नव्हतीस. जसोंडी गावच्या आपल्या घरी मागच्या अंगणात चुलीवर खापर पालथं घातलेलं. तुझी आई पुरण भरून गोळे देत होती, मी मांडे करत होते. मांडा कोपरापर्यंत दोन्ही हातांवर घोळवत मोठा केला, आणि खापरावर टाकायच्या आधीच डावा हात खाली गेला. दुखलं नाही. काही म्हणजे काहीच वाटलं नाही. हात कुणा दुसऱ्याचा झाला. मांडा राखेत पडला. मी त्याच्याकडे बघत राहिले. पुरण वाया गेलं, एवढंच मनात आलं.

"आच लागली गं तुला," तुझी आई म्हणाली. मी बोलायला गेले तर भलताच आवाज निघाला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

आपल्याकडे तेव्हा साऱ्या घराच्या गोळ्या एकाच डब्यात असायच्या, देवाच्या कोनाड्यात, अंगाऱ्याशेजारी. कुणाला गरगरलं की तोच डबा. अंगाऱ्यावर जेवढा विश्वास, तेवढाच गोळ्यांवर. शेजारच्या मास्तरांनी यंत्र आणून माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा ऐकताच तुझी आई कोनाड्याकडे धावली आणि तिनं माझ्या जिभेखाली प्रेशरच्या गोळ्या सरकवल्या. "उतरेल आता, लगेच उतरेल." मला सगळं ऐकू येत होतं. नको म्हणावं की हो म्हणावं, तेही सुचत नव्हतं. लाळेबरोबर गोळ्या वाकड्या कोपऱ्यातून निसटल्या आणि लुगड्यावर पडल्या. ती त्या पुन्हा उचलत होती, तेवढ्यात तुझ्या काकांनी गाडी दाराशी लावली. केळीची पानं अंथरून त्यावर मला निजवलं आणि बुऱ्हाणपूरला नेलं.

डोक्याचा फोटो काढला. नस फुटलेली नाही, बंद झालीय, असं डॉक्टर म्हणाले. प्रेशर अजून चढलेलंच होतं, तरी त्याची गोळी देईनात. तुझी आई भडकली.

"डॉक्टरसाहेब, आकडा दिसत नाही का तुम्हाला? आमच्या मास्तरांना दिसला!"

"दिख रहा है, माताजी. गोली अपने पास रखो. अभी थोड़ा चढ़ा रहने दो."

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या एका भागाला रक्त पोचत नाही, आजूबाजूचा भाग थोडक्यावर जगतोय, म्हणून शरीर जोर लावतंय. तो जोर एकदम उतरवला तर तो भागही जाईल. म्हणाले, नस फुटलेली असती तर गोष्ट वेगळी. ते घरी कळत नाही, म्हणून घरी काही द्यायचं नाही, तोंडात तर नाहीच.

तिला पटेना. तुझे काका म्हणाले, "वहिनी, ठिबकच्या नळीत कचरा अडकला तर मोटर बंद करता का? शेवटच्या केळीला पाणी जाईल कसं?"

"म्हणजे ही आता केळ झाली का?"

मला हसू आलं. चेहऱ्यावर आलं नसावं, कारण कुणी पाहिलं नाही.

बोलणं परत येईल का, ते कुणीच सांगत नव्हतं. माझी बडबड ऐकून दारचं कुत्रंही उठून जायचं, आणि आता मी छताचा पंखा बघत पडले होते. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. लोक येत, रडत, जात. मी ते सगळं दुसऱ्याच्या घरचं असावं तसं बघायची.

काही दिवसांनी डॉक्टरांनी आपणहून गोळी सुरू केली, आधी थोडी, मग रोजची. "ही आता सोडायची नाही," म्हणाले. तुझी आई म्हणाली, "आता कशी चालते?" काका म्हणाले, "मोटर रोजच जास्त जोरानं चालली तर नळी खराब होते, वहिनी. ही गोळी त्यासाठी." तेव्हा कुठे तिला पटलं.

बोलणं परत आलं. पहिला शब्द 'पुरण' निघाला, तशी तुझी आई व्हरांड्यात जाऊन रडली. हात मात्र आला नाही. आहे, पण पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो.

नंतर तीच साऱ्या गावाला सांगत सुटली, "माझ्या गोळीनं हिचा जीव गेला असता." पुढचं, रोजच्या गोळीचं, कुणी ऐकलंच नाही. तुझ्या कानावर आलं ते एवढंच. तिला दोष देऊ नकोस. आणि माझं नाव सांगून गोळी सोडू नकोस. आजच डॉक्टरांकडे जा, प्रेशर मोजून घे, ते सांगतील तशी सुरू कर.

आणि इकडे ये. त्या दिवसापासून खापर भिंतीला टेकून आहे. मी शेजारी बसून सांगेन, हात तुझे. अखजीची वाट बघू नकोस, त्याआधीच ये.