बापूच्या हॉलचं छत

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. ते रद्दीसारखे साठत जातात. फरक एवढाच की रद्दी निदान वर्षाकाठी कोणीतरी घेऊन जातं, किस्से कोणीच नेत नाही. चहाला बसलं की तेच ते काढायचे आणि पुन्हा तितकंच हसायचं! शिवाजी पेठेत आमच्या तालमीजवळच्या चहाच्या गाड्यावर सध्या चलती आहे ती बापूच्या छताची. बापू, दत्ता आणि मी शाळेपासूनचे दोस्त, तिघंही आता रिटायर. त्यामुळे वेळ भरपूर, अक्कल मात्र होती तेवढीच.

*

सुरुवात बापूच्या मयूरीपासून झाली. तिनं एक दिवस जेवताना सांगून टाकलं की ऑफिसातला अमर नावाचा मुलगा तिला पसंत आहे आणि रविवारी त्याच्या घरचे चहा-पोह्याला येतायत. पोरीला वाटलं, बाप हो म्हणेल नाहीतर ताट तरी आपटेल. बापूनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. पोरगा बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही, एवढं म्हणाला आणि वर बघत बसला. हॉलच्या छताला पावसाळ्यातल्या ओलीचे डाग पडले होते, पोपडे सुटले होते.

"आदी ह्ये छत रंगवाय पाहिजे."

वहिनी वैतागल्या. पावणं पोरीला बघायला येणार का छताला, असं त्यांनी विचारलं.

"पोरीत काय खोट न्हाय. मग बघायला छतच उरतंय की!"

*

दिवाळी तोंडावर, पेंटर कुठला मिळायला! बापू म्हणाला, आपणच रंगवू. जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेल्यामुळे जगात कुठलंही काम आपल्याला येतं, असा त्याचा ठाम समज आहे.

आम्ही रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पांढऱ्याचंच एक मोठं कार्ड पुढं केलं. सगळे पांढरेच, पण एकासारखा दुसरा नाही. बापू बराच वेळ बघत राहिला, मग त्याचा पारा चढला. कार्ड मिटून म्हणाला, "पावणं, ह्ये काय कळंना. पांढऱ्या रश्शाचा द्या."

दुकानदार पण कोल्हापूरचाच. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"काजूचा का खोबऱ्याचा?"

*

आता वर चढायचं कशावर? दत्तानं मंडळाच्या गणपतीच्या स्टेजचं लांबलचक बाक मागून आणलं. आणायला मंडळाची चार पोरं आली. बाक खांद्यावर आलं तशी सवयीनं एकानं "मोरया" म्हटलं, बाकीच्यांनी साथ दिली आणि वाजतगाजत बाक गल्लीत शिरलं.

बापूच्या शेजारच्या काकू आवाज ऐकून लगबगीनं आरतीचं ताट घेऊन दारात आल्या. बाकावर गणपती नाही, दत्ता बसलाय! त्याचं तेवढंच चालणं टळलं होतं.

काकूंनी मन मोठं केलं. पेटवलेलं निरांजन वाया कशाला घालवायचं म्हणून दत्तालाच ओवाळलं.

*

छत रंगवायला माणूस वर बघतो आणि वर बघितलं की तोंड आपोआप उघडतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बापूनं त्या दिवशी जेवढा रंग छताला लावला, तेवढाच खाल्ला. वहिनींनी चव विचारली तर म्हणाला, मीठ कमी पडलंय.

*

भिंतींना आम्ही जुने पेपर लावले, फरशीवर गोणपाट टाकलं, टीव्हीला चादर गुंडाळली. पंख्याचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. दिवसभर तो बिचारा वरचे ओघळ आपल्या पात्यांवर झेलत होता.

संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही घामानं निथळत होतो. त्यांना दया आली आणि त्यांनी पंखा लावला.

पुढचं सांगायला नको. चहा पांढरा, भिंती पांढऱ्या, आम्ही पांढरे. दत्ता रोज मिशीला कलप लावतो. तीही पांढरीशुभ्र झाली. बापूनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दत्ता, आज पयल्यांदा वयाचा दिसालास बघ!"

*

शनिवारी शेवटचा हात राहिला होता. आमच्या माना आखडलेल्या. तेव्हा मयूरीच अमरला घेऊन आली. उद्या येणारच आहे तर आज मदतीला येऊ दे, म्हणाली. पोरगा उंचापुरा, अबोल. नाकाला रुमाल बांधला, डोक्याला पेपरची टोपी घातली आणि बापूशेजारी बाकावर चढला. बापूनं त्याच्या हातात रोलर दिला, पण शब्द दिला नाही. मयूरी दाराला टेकून उभी होती. कधी बापाकडं बघायची, कधी त्याच्याकडं. मला पोरीची फार काळजी वाटत होती.

थोड्या वेळानं अमर खाली उतरला. तेवढ्यात बाक हललं आणि बापूच्या कोपराचा धक्का लागून रंगाची भरलेली बादली सटकली. अमरनं हॉलच्या त्या टोकाकडून झेप घेतली, आडवा झाला आणि बादली दोन्ही हातांनी छातीशी धरली. थेंबसुद्धा सांडला नाही.

आम्ही तिघं गारच पडलो. बादलीमुळं नाही. ही झेप आम्ही ओळखली होती. गेल्या सीझनच्या फुटबॉल फायनलला पलीकडच्या पेठेच्या गोलकीपरनं अशीच झेप घेऊन आमच्या तालमीची शेवटची पेनल्टी अडवली होती आणि कप गेला होता. बापू त्या दिवशी जेवला नव्हता.

बापू बाकावरून सावकाश खाली उतरला.

"त्यो तू व्हय?"

अमरनं रुमाल खाली ओढला. "व्हय, मामा."

मयूरीचा चेहरा पडला. वहिनी पदर धरून उभ्या राहिल्या.

"एक बॉल सोडला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

अमर अजून बादली कवटाळून होता. हळूच म्हणाला, "कसा सोडणार, मामा? मयूरी माज्या गोलामागं हुबी हुती की."

बापूनं लेकीकडं बघितलं. मग अमरकडं. मग त्याच्या हातातल्या बादलीत रोलर बुडवला.

"सोडला असतास," बापू म्हणाला, "तर पोरगी दिली नसती."